बॅटरी उतरते आणि गाडी फटाके मारते: तक्रारी दोन की एक?

जुनी गाडी बाळगणाऱ्यांकडून मी एक जोडतक्रार वारंवार ऐकतो. सकाळी बॅटरी उतरलेली असते, आणि गाडी कशीबशी सुरू झाली की सायलेन्सरमधून फटाका फुटतो. मग बॅटरीसाठी इलेक्ट्रिशियन, फटाक्यासाठी कार्बोरेटरवाला, अशा दोन वाऱ्या सुरू होतात. माझं म्हणणं असं आहे, की या तक्रारी वेगवेगळ्या आहेत हे मीटरवर दिसेपर्यंत त्या एकच आहेत असं धरून चाला.

याचं कारण ठिणगीत आहे. जुन्या गाडीत ती पॉइंट (उघडझाप करणारा छोटा स्विच) आणि कॉइल (व्होल्टेज वाढवणारी तारेची वेटोळी) मिळून तयार करतात, आणि ही रचना अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या मॉडेलच्या कॅडिलॅकसाठी केली. त्यांच्या कंपनीचं नाव डेल्को, आणि डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे ठिणगी एकेका प्लगकडे वाटणाऱ्या भागाला, आजही कित्येक मेकॅनिक डेल्कोच म्हणतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो. ते उघडले की करंट तुटतो आणि दुसऱ्या वाइंडिंगमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात. आता इथे नीट लक्ष द्या. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते. 14 ऐवजी 10.5 व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज पाऊणपट राहतं, पण ऊर्जा निम्म्याच्या जरा वर, 56 टक्क्यांवर येते. अशी ठिणगी मधूनमधून चुकते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरपर्यंत जातं आणि तिथे पेटतं. यात कार्बोरेटरचा काही दोष नाही, तरी पहिल्यांदा उघडला जातो तो तोच.

म्हणून आधी मल्टिमीटर हातात घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू करून थोडी रेस दिलीत की आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यायला हवा. 15 च्या वर गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीतलं पाणी आटत जाणार. आकडा 12 च्या घरातच रेंगाळला तर अल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) खोलण्याआधी बेल्ट दाबून बघा, आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवाही. इग्निशन चालू केल्यावर तो पेटतो ना? बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडाला असेल तर अल्टरनेटर धडधाकट असूनही चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा बरीच रेस दिल्यावर होतं.

एक कळकळीची विनंती आहे. चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का’ असं बघण्याची पद्धत सोडून द्या. अल्टरनेटरच्या आधी गाड्यांत डायनॅमो असायचा, त्या काळापासून ती चालत आली आहे. अल्टरनेटरमध्ये मात्र त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि त्याच्या आतले, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड जातात. म्हणजे नसलेला बिघाड आपणच तयार करतो.

आता अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट. माझी गाडी सुरू होताना फटाके मारायची आणि बॅटरी आठवडाभरही टिकायची नाही. मी कार्बोरेटर दोनदा धुतला, प्लग बदलले, कंडेन्सर बदलला. एका सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्यावर चोकच्या केबलला हात लागला, तर ती गरम! चोकची केबल तापायचं काहीच कारण नव्हतं. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजली होती, आणि स्टार्टरचा करंट परतीसाठी त्या केबलचा रस्ता शोधत होता. अल्टरनेटरची अर्थिंग इंजिनच्या धातूतून, पॉइंटची अर्थिंगही तिथूनच. त्या एका पट्टीपायी दोन्ही तक्रारी होत्या. मीटरने हे एका मिनिटात कळतं. हेडलाइट लावून इंजिन रेस करा, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच करा.

व्होल्टेज ठीक आणि फटाका कायम असेल, तर आता तो वेगळा बिघाड माना आणि आवाज कुठून येतो ते ऐका. कार्बोरेटरमधून ठसका आला तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. नाहीतर इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. प्लगच्या वायरींची अदलाबदलही बघा. चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांचा क्रम 1-3-4-2 असतो, पण आपल्या इंजिनाचा क्रम मॅन्युअलमधूनच घ्या.

सायलेन्सरमधून येत असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून उजेडात धरा. आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळतेय. मग पॉइंट. कॅमवर घासणारा त्यांचा ठोकळा झिजतो तसा पॉइंटमधला गॅप मिटत जातो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडतं. उशिरा पेटलेलं मिश्रण व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच असतं. गॅप साधारण 0.4 मिलिमीटर असतो. फीलर गेजने तो आधी लावा, टायमिंग त्यानंतर. उलट क्रमाने केलंत तर गॅप बदलताच टायमिंग पुन्हा हलतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

फक्त उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावरच फटफट होत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जोड बघा. फुटलेल्या गॅस्केटमधून आत ओढली जाणारी हवा उरलेल्या पेट्रोलला पेटवायला पुरते. इंजिन थंड असताना सुरू करा आणि जोडाजवळ कान न्या. सुरुवातीला बारीक ‘टिक टिक’ येईल, आणि धातू तापून फुगला की ती बंद होईल.