बिघडवलेल्या आकड्यांचं भरतकाम

नुकेमे या जपानी कलाकाराचं काम पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मशीन बिघडलं असावं. ओळखीच्या कंपनीचा लोगो, पण अक्षरं अर्धी जागेवर, अर्धी सरकलेली, मधूनच आडवे गेलेले लांब धागे. मशीन मात्र ठणठणीत असतं. बिघडवलेली असते ती फाइल. १९८६ साली ओकायामात जन्मलेल्या या कलाकाराने पंचविशीच्या आसपास 'ग्लिच एम्ब्रॉयडरी' (ग्लिच म्हणजे यंत्रातला बिघाड) सुरू केली. ती समजायची तर फाइलच्या आत शिरावं लागतं.

भरतकामाची फाइल म्हणजे चित्र नव्हे. ती सुईला दिलेल्या हुकमांची यादी असते: उजवीकडे एवढं, वर एवढं, टाका घाल. अशा फाइलींत सर्वात जास्त चालणारा प्रकार डीएसटी, नागोयाच्या ताजिमा कंपनीचा. आपल्याकडे ब्लाऊजच्या पाठीवर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करून देणाऱ्या दुकानातल्या पेनड्राइव्हवरही बहुधा हीच असते, म्हणून उदाहरणाला तीच घेऊ. सुरुवातीचे ५१२ बाइट शीर्षकाचे (एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि बिट म्हणजे ० किंवा १). त्यात टाक्यांची संख्या, रंगबदल आणि नक्षीचा चारी बाजूंचा विस्तार. पुढे दर टाक्याला तीन बाइट. एकक ०.१ मिलिमीटर. अंतर १, ३, ९, २७ आणि ८१ यांच्या बेरीज-वजाबाकीतून लिहितात, म्हणून एका हुकमात सुई आडवी किंवा उभी जास्तीत जास्त १२.१ मिमी सरकते.

आता एक बिट उलटा करा. तो १ या अंतराचा असेल तर फरक ०.१ मिमी, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ८१चा असेल तर ८.१ मिमी, आणि गंमत इथेच आहे: प्रत्येक अंतर आधीच्या टाक्यापासून मोजलेलं असल्यामुळे पुढचा सगळा लोगो तेवढाच सरकतो. चूक एका जागी होते, पण तिचं ओझं शेवटच्या टाक्यापर्यंत वाहिलं जातं. ८१चे चारही बिट (डावीकडे, उजवीकडे, वर, खाली) टाक्याच्या तिसऱ्या बाइटमध्ये असतात. 'टाका न घालता उडी मार' आणि 'रंग बदल' हे हुकूमही तिथेच. त्यामुळे खरा गोंधळ तिसऱ्या बाइटमध्ये घालायचा, पण जपून. तो बाइट चुकून समाप्तीच्या हुकमासारखा झाला, तर मशीन मध्येच काम संपवून मोकळं होतं.

८० मिमी रुंदीचा, सुमारे ६,००० टाक्यांचा लोगो घेतला तर फाइल साधारण १८,५०० बाइटची होते. तिच्यात पाच ते दहा ठिकाणी बदल पुरे. त्याहून जास्त केले की लोगो ओळखूच येत नाही, आणि ओळखू न येणाऱ्या लोगोची मोडतोड ही निव्वळ मोडतोड. बाइट बदलायचा, पण एखादाच गाळायचा नाही. एक गाळला की तिनाची घडी विस्कटते, पुढचा प्रत्येक टाका चुकीचा वाचला जातो आणि काही मशीन फाइल घेतच नाहीत. गाळायचेच तर सलग तीन, तेही एकाच टाक्याचे. शीर्षकातला जुना विस्तारही तसाच ठेवू नका: मशीन त्यावर विसंबून नक्षी कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये मावते असं धरतं, सुई रिंगच्या कडेवर आदळते आणि मोडते. विस्तार नव्याने मोजून लिहावा, आणि या मापाच्या लोगोला १८० × १३० मिमीची रिंग लावावी.

पडद्यावर सगळेच बिघाड सारखेच फुकट असतात. कापडावर तसं नसतं. बदललेल्या आकड्यांमुळे ०.१–०.२ मिमीचे टाके एकाच जागी साचले, तर सुई त्याच त्या भोकात जाते, वरचा धागा पिंजून तुटतो आणि खाली बॉबिनपाशी गुंता होतो. उलट १२ मिमीचे टाके सैल राहतात, बटणात अडकतात. दाट टाक्यांनी कापड आकसतं ते वेगळंच. म्हणून कापडाखाली न फाडता कापून काढायचा जाड नॉन-वोव्हन कागद, दोन थर, ७५/११ची सुई, वर ४० नंबरचा धागा, बॉबिनला ६०चा, वेग मिनिटाला ४०० ते ५०० टाके. धागा दोनदा एकाच जागी तुटला, तर ताण चाळत बसू नये. तो आकडा कापडाला मान्य नाही, तो बदलावा. कोणता बिघाड टिकणार याचा निम्मा निर्णय कापडच करतं, आणि माझ्या मते या कामाचा खरा कस तिथेच लागतो. फाइल बिघडवणं कुणालाही जमेल.

सो कान्नो आणि तोमोफुमी योशिदा यांच्याबरोबर नुकेमेने हाच विचार विणकामाच्या मशीनवर नेला, 'ग्लिच निट' या नावाने. तिथलं गणित वेगळं. उदाहरण ब्रदर कंपनीच्या केएच-९१० या विणकामाच्या मशीनचं घ्या (ब्रदरही नागोयाचीच). ४.५ मिमी अंतरावर २०० सुया, दोन रंग, आणि दर ओळीत प्रत्येक सुईला एक बिट: हा रंग की तो. जुना कंट्रोल बोर्ड काढून आर्डुइनो (हवा तसा प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) बसवला की संगणक दर ओळ नव्याने पाठवतो. प्रत्येक सुईची जागा पक्की असल्यामुळे एक बाइट बिघडला तर आठ टाक्यांचाच रंग चुकतो. पुढची ओळ शहाण्यासारखी येते. सरकलेला, फाटल्यासारखा परिणाम हवा असेल, तर ओळीतला मजकूरच पुढेमागे ढकलावा लागतो. इथली अडचण पाठीमागे असते. न वापरलेला रंग मागून मोकळा धावतो; पाच-सहा सुयांपर्यंत चालतं, पण बिघडलेल्या ओळीत सलग चाळीस सुया एकाच रंगाच्या आल्या तर मागे १८ सेंटिमीटरचा लोंबता धागा, ज्यात स्वेटर घालताना बोटं अडकणारच. उपाय सुयांची दुसरी पट्टी जोडून दुहेरी विणण्याचा. लोकर जास्त जाते, कापड जाड होतं.

भरतकामात उलट, उड्यांचे लांब धागे पुढूनच दिसतात. नेहमीच्या कामात ते कात्रीने काढतात. इथे कात्री लावण्याआधी थांबावं: एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतील तर ठेवावेत, मोठे असतील तर दोन्ही टोकांना मागून गाठ मारून मगच कापावेत, नाहीतर पहिल्या धुण्यातच शेजारचे टाके उसवतात.