मग मराठीत बोलायचं तरी काय?

अध्यक्षमहोदय आणि मंडळींनो,

परवा आमच्या घरी जेवताना वाद झाला. नात्यातल्या एका मुलीने सासर का सोडले, असे माझ्या सोळा वर्षांच्या लेकीने विचारले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘असले विषय मुलांसमोर नकोत’ म्हणून तिला गप्प केले. ताटावरून उठताना ती म्हणाली, “मग मराठीत बोलायचं तरी काय?” पाडव्याच्या या मेळाव्यात मला दुसऱ्या विषयावर बोलायचे होते, पण तो प्रश्न काही पाठ सोडत नाही.

त्या दिवसांत ती ‘बुधिनी’ ही कादंबरी वाचत होती. शारजाच्या पुस्तक मेळ्यात मल्याळम पुस्तकांच्या दालनांपुढे उसळणारी गर्दी आपण दर नोव्हेंबरात पाहतो; तिथूनच आमच्या मल्याळी शेजारणीने तिच्यासाठी इंग्रजी प्रत आणली होती. लेखिका सारा जोसेफ. जन्म १९४६, त्रिशूरजवळच्या कुरियाचिरा इथला. शाळेत असतानाच, पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. पुढे शाळेत शिकवता शिकवता त्यांनी पदव्या घेतल्या आणि पट्टांबीच्या संस्कृत महाविद्यालयात त्या मल्याळमच्या प्राध्यापिका झाल्या. तिथेच ‘मानुषी’ ही स्त्रियांची संघटना त्यांनी उभी केली. १९९० साली त्यांचा ‘पापत्तरा’ हा कथासंग्रह आला, तेव्हा कवी सच्चिदानंदन यांच्या प्रस्तावनेमुळे ‘पेण्णेळुत्त्’, म्हणजे बायकांचे लेखन, या नावाने केरळात मोठा वाद पेटला. बाईने कशावर लिहावे आणि कोणत्या भाषेत लिहावे, यावर तिथे जाहीरपणे भांडण झाले, याचा मला हेवा वाटतो.

‘आलाहयुडे पेण्मक्कळ’, म्हणजे देवाच्या लेकी, ही त्यांची १९९९ सालची कादंबरी कोक्कांचिरा या वस्तीची आहे. मेलेली जनावरे टाकण्याच्या या जागी, शहर स्वच्छ करताना शहराला नकोशी झालेली माणसे आणून वसवली गेली. ती गोष्ट ॲनी नावाच्या लहान मुलीच्या नजरेतून उलगडते. तिच्या घरात बायकाच अधिक आहेत, आजीच्या तोंडी वस्तीचा सगळा इतिहास आहे आणि त्या बायका त्रिशूरच्या ख्रिस्ती घरांतल्या रोजच्या बोलीत भांडतात, शिव्या देतात, प्रार्थना करतात. या पुस्तकाला २००३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देशातल्या वाढत्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ सारा जोसेफ यांनी तो २०१५ मध्ये परतही केला. मला मात्र त्या आजीचे अधिक वाटते. लाज वाटावी अशा जागेची गोष्ट ती नातीपासून लपवत नाही.

आता ‘बुधिनी’कडे येते. ६ डिसेंबर १९५९ रोजी दामोदर खोऱ्यातल्या पंचेत धरणाच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. त्यांच्या स्वागताला धरणावर काम करणारी पंधरा-सोळा वर्षांची संथाळ आदिवासी मुलगी उभी केली होती, बुधिनी मेझान. तिने त्यांना हार घातला आणि त्यांच्या सांगण्यावरून कळही तिनेच दाबली. हार घातला म्हणजे लग्न झाले, आणि तेही परक्याशी, असे ठरवून समाजाने तिला वाळीत टाकले. पुढे धरणावरची नोकरीही गेली. सारा जोसेफ झारखंडात गेल्या, त्या बाईला भेटल्या आणि तिच्यावरून मल्याळमात कादंबरी लिहिली. धरणाखाली गेलेली संथाळांची गावेही त्या कादंबरीत आहेत. आपल्यातही अशी कुटुंबे आहेत, ज्यांची घरे कोयनेच्या शिवसागरात बुडाली. त्यांना हे वेगळे सांगायला नको.

२०२१ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला तो सारा जोसेफ यांच्या मुलीने, संगीता श्रीनिवासन यांनी, आणि त्या स्वतःही कादंबरीकार आहेत. आईची भाषा लेकीने पुढे नेली याचे आपण कौतुक करू, पण आईने त्या भाषेत काय काय सांगितले होते, हेही पाहू. माझ्या लेकीच्या प्रश्नाचा रोख तिथेच आहे.

आपले मंडळ मनापासून काम करते. गणपती, कोजागिरी, नाट्यप्रवेश, रविवारची बालवर्गाची शाळा, यांत कुणी कसूर करत नाही. परंतु मुलांच्या वाट्याला येणारी मराठी पाहा: श्लोक, पाढे, ‘जेवलीस का’, ‘अभ्यास झाला का’. वाटणीवरून तुटलेली नाती, आत्याचे मोडलेले लग्न, घरात कोणाला कोणत्या कपातून चहा दिला जाई, हे विषय आपण दार लावून बोलतो. मुले मोठी झाली की तेच विषय मित्रांशी इंग्रजीत बोलतात, आणि मग आपणच म्हणतो की त्यांना मराठीची ओढ नाही.

ग्रंथालयाच्या कपाटाशेजारी महिन्यातून एकदा मोठ्या मुलामुलींनी पुस्तक वाचून त्यावर मराठीत बोलावे, सुरुवात ‘बुधिनी’ने करावी, पुस्तक इंग्रजीतून वाचले तरी चालेल, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. काही पालकांनी आताच कळवले आहे की असली पुस्तके असतील तर आमच्या मुलीचे नाव घालू नका. त्यांची काळजी मला कळते आणि त्यांच्याशी मी पुन्हा बोलणार आहे. परंतु या मुली आणखी एक-दोन वर्षांत कुणी पुण्याला, कुणी कॅनडाला शिकायला जातील, आणि तोवर आपल्यात एकमत होईल की नाही, हे मला खरोखरच सांगता येत नाही.