ठिपके गेले, आजार नाही

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, विषय आहे फिशटँकमधल्या माशांवरचे पांढरे ठिपके. उपचार सांगणारच आहे, पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐका.

टिळकवाडीत घ्या, शहापुरात घ्या, वास्तूसाठी टँक ठेवलेली घरं पुष्कळ. आठ सोनेरी मासे, एक काळा. मासा मेला की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "घरावरचं अरिष्ट त्यानं अंगावर घेतलं." श्रद्धेला माझा विरोध नाही. पण या वाक्यानंतर मासा कशानं मेला हे कुणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खानापूरकडचं एक घर. जानेवारीची थंडी, रात्री करंट गेलेला, हीटर बंद, पाणी गारठलेलं. त्यात बाजारातून आणलेला नवा मासा थेट टँकमध्ये सोडला. दोन-चार दिवसांत सगळ्यांच्या अंगावर रव्याचे कण सांडल्यासारखे ठिपके. मासे दगडांना अंग घासायला लागले. दुकानदारानं निळं औषध दिलं आणि सांगितलं, ठिपके गेले की बंद करा. ठिपके गेले, औषध बंद झालं, घरात आनंद. आठवड्यात टँक रिकामा. आजींनी नारळ फोडला. अहो, तो काळा मासा त्या घरातली लहान मुलगी रोज हातानं भरवायची. तिला कुणी काय सांगायचं?

ते ठिपके गेले कुठे, ते ऐका. हा एकपेशी परजीवी, इक्थियोफ्थिरियस. तो माशाच्या कातडीखाली बसून खातो, तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं तयार होतात. ती पोहत नवा मासा शोधतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणजे मासा स्वच्छ दिसतो तेव्हाच खरं तर औषध चालू हवं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. भरभर सांगतो.

पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, 28-30 अंशांवर न्या. उबेत परजीवीचं चक्र आठवड्याच्या आत संपतं, गारठ्यात महिनाभर रेंगाळतं. गोल्डफिशला मात्र एवढी ऊब देऊ नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून एअर पंप सुरूच ठेवा. मॅलॅकाइट ग्रीनचं औषध बाटलीवरच्या मापानं, हातमोजे घालून. फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. तळाची वाळू पाइपनं वरचेवर उपसा, कवचं तिथेच असतात. भरायचं नळाचं पाणी क्लोरीन काढलेलं हवं. शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवा. कॅटफिश, लोच यांना औषध सोसत नाही, त्यांना निम्मी मात्रा. आणि नवा मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टँकमध्ये. जाळीसुद्धा वेगळी, ओल्या जाळीतून हा परजीवी दुसऱ्या टँकमध्ये पोचतो.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई, बोला.