कंसातलं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

माझी लेक स्कॉटलंडमध्ये, ॲबरडीनला असते. तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा नातवानं एकदा जेवताना विचारलं, "आजी, तुझ्या आजोबांचे आजोबा कोण होते?" मला सांगता आलं. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून माझ्या वडिलांनी सात पिढ्या उतरवून आणल्या होत्या. मग त्यानं आपल्या बाबाकडे पाहिलं. जावई म्हणाले, "आमचे सगळे बकीचे, स्मिथ. पणजोबांच्या मागचं कुणाला ठाऊक नाही." त्या रात्री मी ठरवलं, लेकराची ही बाजूही आपण शोधून काढायची.

बकी हे स्कॉटलंडच्या ईशान्येला, मरी फर्थ नावाच्या मोठ्या खाडीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. शेजारीच पोर्टेसी, फिंडॉख्टी, पोर्टनॉकी. ही सगळी गावं पूर्वी रॅथव्हन या एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या पंचक्रोशीत येत. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. दर दहा वर्षांच्या शिरगणतीत माणसांची नावं १८४१ पासून मिळतात. त्याआधीचं जे काही आहे ते चर्चच्या जुन्या वह्यांत. हे बहुतेक सगळं आता थोडे पैसे भरून घरबसल्या पाहता येतं. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम.

तीन आठवडे मी भलत्याच माणसाच्या मागे होते. नाव तेच, गाव तेच, वयात दीड वर्षाचा फरक, बायकोचं पाळण्यातलं नावसुद्धा तेच! चूक लक्षात आली ती मुलांच्या नावांवरून. तिकडची जुनी रीत अशी की थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं. या घरात थोरल्याचं नाव काही केल्या जुळेना. आणि मग उमजलं, की याच रीतीमुळे एका आजोबांच्या पाच मुलांच्या घरांत एकाच नावाचे पाच नातू वाढत असणार. त्यात आडनावंही मोजकीच. बकीत स्मिथ आणि कावी, फिंडॉख्टीत फ्लेट, पोर्टनॉकीत मेअर आणि वुड.

आडनावं इतकी कमी का? हे कळायला नोंदवह्या बाजूला ठेवून त्या किनाऱ्याचा इतिहास वाचावा लागला. मच्छीमाराचा संसार एकट्या पुरुषाच्या बळावर चालतच नसे. एकेका दोरीला हजाराच्या वर गळ, आणि प्रत्येक गळाला शिंपल्यातलं मांस लावायचं ते घरातल्या बाईनं. धक्का नव्हता तेव्हा नवऱ्याचे पाय कोरडे राहावेत म्हणून त्याला पाठुंगळी घेऊन पाण्यातून होडीपर्यंत पोचवायचं तेही तिनंच. मग पाठीवर पाटी घेऊन आतल्या शेतकऱ्यांच्या दारोदार मासे विकायचे. शेतकऱ्याच्या मुलीला हे कसं जमणार? म्हणून मच्छीमाराच्या घरी मच्छीमाराचीच लेक यायची, तीही याच दोनचार गावांतली. पिढ्यान् पिढ्या तीच आडनावं एकमेकांत फिरत राहिली.

यावर त्या लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. त्याला म्हणतात टी-नेम, नावाला जोडलेलं नाव. कॅरट, लॅटिन, किंग, बोसी असे शब्द. ते बापाकडून मुलाकडे जात, आणि गंमत म्हणून नव्हे, तर मतदारयादीत, जन्ममृत्यूच्या नोंदीतही कंसात लिहिले जात. आडनावानं माणूस सापडत नाही, कंसातल्या नावानं सापडतो.

मी जावयांना फोन लावला. ते म्हणाले, "आजोबांना बंदरावरचे म्हातारे बोसी म्हणायचे. मला वाटायचं, लाडाचं नाव आहे." तिथल्या डोरिक बोलीत बोसी म्हणजे मिठी. मी पुन्हा त्या पानांकडे वळले. हाताने लिहिलेली नोंद, शाई तपकिरी पडलेली, आणि आडनावापुढे कंसात तो छोटासा शब्द. डोळे भरून आले हो!

त्यानंतर धागा मिळाला तो बायकांचा. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही कागदोपत्री बाईचं माहेरचं नाव जात नाही. १८५५ नंतर कुणाच्याही मृत्यूच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव विचारलेलं असतं. थडग्यावरही तेच नाव कोरतात. आमच्या वहीतल्या सात पिढ्यांत एकाही बाईचं माहेर नाही. रॅथव्हनमध्ये मात्र मी सुनेवरून तिच्या आईकडे, आईवरून आजीकडे जाऊ शकले, आणि त्याच वाटेनं १८४१ च्या शिरगणतीतलं घर गाठलं. नवरा मच्छीमार, बायको, चार मुलं.

दहा वर्षांनी, १८५१ च्या शिरगणतीत, त्याच घराची प्रमुख ती बाई. पुढे एकच शब्द, विधवा. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद कुठेच नाही. चर्चच्या वह्यांत मृत्यू टिपण्याची शिस्त नव्हती, आणि समुद्रात गेलेल्याला माती तरी कुठली द्यायची? पण त्या किनाऱ्याच्या इतिहासात १८४८ चा ऑगस्ट आहे. १८ तारखेला संध्याकाळी हेरिंग मासे धरायला शेकडो होड्या बाहेर पडल्या. सगळ्या उघड्या, वर फळ्यांचं छप्पर नाही. रात्री वादळ उठलं. पूर्व किनाऱ्यावर मिळून १०० माणसं बुडाली, १२४ होड्या गेल्या. नौदलाचे कॅप्टन जॉन वॉशिंग्टन यांनी चौकशी करून पुढच्या वर्षी अहवाल दिला, होड्यांना डेक हवा आणि बंदरं अशी हवीत की ओहोटीतही आत शिरता येईल. आमचा माणूस त्याच रात्री गेला असं मी म्हणणार नाही, तसा कागद माझ्याकडे नाही. पण धाकटं पोर त्या शिरगणतीत तीन वर्षांचं आहे.

ती बाई पुढे सत्तरी ओलांडून गेली. तिच्या मृत्यूच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव, आईचं माहेरचं नाव, आणि नवऱ्याच्या नावापुढे तोच कंस.

पुढच्या महिन्यात मी त्र्यंबकला जाणार आहे. उपाध्यायांना सांगणार आहे, आमच्या पानावर लेकीचं नाव लिहा, जावयांचं लिहा, नातवाचं लिहा. आणि आडनावापुढे कंस घालून त्यात लिहा, बोसी.

नमस्कार.