मालापाचा मुलगा

श्रोतेहो, नमस्कार. दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गपासून ४० किलोमीटरच्या आसपास मालापा नावाची जागा आहे. तिथे सापडलेल्या आदिमानवाच्या हाडांबद्दल आज बोलू या.

तारीख १५ ऑगस्ट २००८. आपल्याकडे झेंडावंदनाचा दिवस. तिकडे ली बर्गर हे शास्त्रज्ञ उपग्रहाच्या चित्रांवरून गुहा हेरत माळ तुडवत होते. सोबत एक सहकारी, नऊ वर्षांचा मुलगा मॅथ्यू आणि ताऊ नावाचा कुत्रा. एका खड्ड्यापाशी पोचल्यावर बाबांनी सांगितलं, जा, शोधा जीवाश्म. कुत्रा पळाला, त्याच्यामागे पोरगं पळालं. थोड्याच वेळात हाक आली, बाबा, सापडलं!

बर्गरना लांबून वाटलं, हरणाचं असेल. त्या भागात उठसूट हरणाचीच हाडं मिळतात. पण पोराचं मन मोडायला नको म्हणून ते जवळ गेले. दगडातून डोकावत होती कॉलरबोन, गळ्याखालचं आडवं हाड. आणि गंमत ऐका, बर्गर यांची पीएचडीच मुळी आदिमानवाच्या खांद्याच्या हाडांवर! दगड उलटा केला, तर मागे जबडा आणि सुळा. चुनखडीसाठी सुरुंग लावणाऱ्यांनी कधीकाळी फेकून दिलेला दगड, तो या पोराच्या हातात.

पुढे शोधनिबंधात मॅथ्यूचं नाव लेखक म्हणून घालायचा बाबांचा प्रयत्न होता, पण नियतकालिकानं मानलं नाही. मोठ्यांचे नियम! आपण तरी काय करतो? सुट्टी लागली की मुलांना क्लासला धाडतो. उनाडायला वेळच नाही. असो.

२०१० साली या प्रजातीचं नाव जाहीर झालं, ऑस्ट्रॅलोपिथेकस सेडिबा. वय सुमारे वीस लाख वर्षं. हो, वीस लाख. मुख्य सांगाडे दोन, एक किशोर मुलगा आणि एक प्रौढ बाई. गुहेच्या विवरात पडून मेले असावेत. मेंदू आपल्या जेमतेम एक तृतीयांश, हात झाडावर चढणाऱ्याचे लांब, पण अंगठाही लांब आणि कंबरेची हाडं आपल्या वळणाची. मेंदू लहान, कंबर आपल्यासारखी. लक्षात ठेवा, भांडण इथेच आहे.

बर्गर म्हणतात, अशी सरमिसळ आहे म्हणजे हा आपला पूर्वज असू शकतो. बरेचजण नकारार्थी मान हलवतात. इथिओपियात आपल्याच होमो कुळातला २८ लाख वर्षांपूर्वीचा जबडा मिळालाय. मग पणतू पणजोबांच्या आधी जन्मला कसा? यावर उत्तर असं, की मालापाचे दोघे वीस लाख वर्षांपूर्वीचे, त्यांची प्रजात त्याआधीपासून असेल. वाद चालू आहे.

त्या किशोराच्या दातांवरचं किटण खरवडून तपासलं. त्यात झाडाच्या सालीचे कण निघाले. वीस लाख वर्षांत कुणी दात घासले नाहीत, म्हणून तर कळलं.