लेझीम, फुगडी आणि पीटीची वही

(दृश्य : सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेचे मैदान. सकाळची वेळ. मुले-मुली लेझीम घेऊन रांगेत उभी आहेत. कडेला बाकावर प्रकल्पवह्यांचा गठ्ठा.)

निवेदन :

महाराष्ट्रात दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर आरोग्य व शारीरिक शिक्षण या विषयाची श्रेणी येते. त्यासाठी मैदानावरच्या सरावाबरोबर अनेक शाळांत विद्यार्थ्यांकडून एक प्रकल्पवहीही करून घेतली जाते. मुले तिला ‘पीटीची वही’ म्हणतात. आपल्या भागातील एखादा खेळ, नृत्यप्रकार किंवा व्यायामप्रकार निवडावा, तो शिकावा आणि त्यातील हालचालींचा संस्कृतीशी असलेला संबंध लिहावा, अशी या वहीमागची कल्पना आहे. प्रत्यक्षात पहिली चार पाने इंटरनेटवरून उतरवून झाली की वही थांबते, कारण पुढे काय लिहायचे हे कोणी सांगितलेले नसते.

मल्लखांब निवडलेल्या बहुतेक वह्यांची सुरुवात सारखीच असते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे रूप दिले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. हा इतिहास मुलांना ठाऊक असायलाच हवा. मात्र त्याला अर्धे पान पुरते. मल्लखांबाला एरंडेल तेल का लावतात, पुरलेल्या खांबावरची पकड आणि दोरीवरची पकड यांत काय फरक पडतो, खांबावर चढताना जोर दंडांवर येतो की मांड्यांवर, या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या अंगाला विचारून लिहायची असतात, आणि शिक्षकाच्या मदतीची खरी गरज तिथेच असते.

(दृश्य : दोन मुली फुगडी खेळत आहेत. तिसरी मोबाइलवर चित्रण करते आहे.)

नववीतील एका मुलीने फुगडी निवडली आहे. ‘फुगडी हा महिलांचा पारंपरिक खेळ आहे’ या वाक्यावर तिची वही अडली होती. तिच्या बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एवढेच विचारले की, फुगडी घालताना पडायला का होत नाही? मग मुलींनी मैदानात फुगडी घालून पाहिली आणि मोबाइलवरचे चित्रण संथ गतीने, थांबवत थांबवत बघितले. दोघींच्या पायांची बोटे जवळजवळ भिडलेली आहेत, हात फुलीसारखे म्हणजे उजव्यात उजवा आणि डाव्यात डावा असे धरलेले आहेत, कोपरे ताठ आहेत आणि शरीराचा भार मागे झुकलेला आहे. वेग वाढतो तसा हातांवरचा ताण वाढत जातो आणि त्या ताणामुळेच दोघी वर्तुळात टिकून राहतात. जिचे वजन जास्त आहे तिला कमी झुकावे लागते, हे मुलींनी जोड्या बदलून स्वतः ताडून पाहिले. विज्ञानातले केंद्राभिमुख बल, म्हणजे वर्तुळाच्या मध्याकडे ओढणारा जोर, इथे त्यांना तळहातांत जाणवले. त्याच पानावर फुगडीआधीची आणि नंतरची नाडी नोंदवलेली आहे. त्यासाठी पंधरा सेकंदांत मोजलेल्या ठोक्यांना चारने गुणायचे असते. तोंडाने ‘पकवा’ घातला, म्हणजे फुगडीच्या तालावर तोंडाने आवाज काढला, की श्वासाची लय कशी बदलते, हेही तिने लिहिले आहे.

संस्कृतीचे पान यानंतर येते, आणि ते आजीकडून मिळते. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना आधी प्रश्न तयार करायला शिकवावे लागते. ‘तुम्ही फुगडी खेळायचा का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते आणि मूल हिरमुसून परत येते. मंगळागौरीच्या रात्री कोणाच्या घरी जमायचे, अंगणात जागा किती असायची, दंड फुगडी आणि बस फुगडी कोणी शिकवली, लग्नानंतर खेळ चालू राहिला की सुटला, कोणी अडवले का, असे विचारले तर आजी बोलू लागते आणि बोलता बोलता पाय कसा टाकायचा हेही दाखवते. तिचे शब्द पुस्तकी करून लिहू नयेत, ती बोलली तसेच उतरवावेत. छायाचित्र वहीत लावण्यापूर्वी मात्र तिची परवानगी घ्यायलाच हवी, आणि खाली तिचे नाव, गाव व मुलाखतीची तारीख यावी. ज्या व्यक्तीने आपल्याला हालचाल शिकवली तिचे नाव वहीत नसणे, हे माझ्या मते पान कोरे राहण्यापेक्षा मोठे उणे आहे.

(दृश्य : हलगीच्या ठेक्यावर लेझीम. कॅमेरा पायांवर.)

लेझमीचा या जिल्ह्याला विशेष अभिमान आहे. १९८२ साली दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सांगली जिल्ह्यातील लेझीम पथकाने सादरीकरण केले होते. लाकडी दांडा, त्याला जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीतल्या चकत्या एवढ्याच साहित्यावर हा सारा खेळ उभा आहे. शाळेत तो अंकांच्या गणतीवर शिकवला जातो, ‘चार आवाज’, ‘पवित्रा’ असे हुकूम दिले जातात आणि सगळी रांग एकदम वाकते. गावच्या मिरवणुकीत मात्र गणती कोणी करत नाही. तिथे हलगी, घुमकं आणि कैताळ या वाद्यांच्या चालीवर पाऊल पडते, वेग वाढवायचा की नाही हे हलगीवाला ठरवतो, आणि खेळणाऱ्याचे लक्ष त्याच्या हाताकडे असते. एका विद्यार्थ्याने हे दोन्ही प्रकार आमनेसामनेच्या पानांवर काटकुळी माणसे काढून दाखवले आहेत. डाव्या पानावर प्रत्येक आकृतीखाली अंक आहे, उजव्या पानावर हलगीचे बोल आहेत. त्याला नीट चित्रे काढता येत नाहीत म्हणून तो आधी हे पान करायलाच तयार नव्हता. गुडघा कुठे वाकतो आणि लेझीम कोणत्या क्षणी वाजते एवढे कळले की आकृतीचे काम झाले, हे सरांनी त्याला स्वतः फळ्यावर काढून दाखवले.

पूर्वी पुरुषांचा मानला गेलेला हा खेळ आज मुलीही तितक्याच जोमाने खेळतात. हा बदल कसा झाला, घरी कोण काय म्हणाले, हे लिहायला मुलींना वहीत जागा मिळाली पाहिजे. आटपाडी-जतकडच्या धनगर घरांतील मुलांना गजनृत्य लिहावेसे वाटते, त्यांनी ते लिहावे. पालकांसोबत परराज्यातून आलेल्या मुलांनी आपल्या गावचा नाच लिहावा, कारण या वहीला गावकुसाची मर्यादा घालण्याचे काहीच कारण नाही. ज्या मुलाला पायांच्या अधूपणामुळे लेझीम खेळता येत नाही, त्याने हलगी वाजवून तिची नोंद केली तर तीही हालचालीचीच नोंद ठरते, आणि तिला पूर्ण गुण द्यायला हवेत.

(दृश्य : वर्गखोली. शिक्षिका एकेका विद्यार्थ्याजवळ बसून वही चाळत आहेत.)

वह्या जमा करण्याचा आठवडा जवळ आला की मदतीच्या नावाखाली मजकूर सांगून लिहून घेण्याचा मोह होतो. या बाई तसे करत नाहीत. ज्याचे लिहिणे अडते त्याला त्या आधी तोंडी सांगायला लावतात, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात आणि त्याचेच शब्द त्याला ऐकवून वहीत उतरवायला देतात. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर जाऊन काही महिन्यांनी परतलेल्या मुलांसाठी त्या सरावाचे पान नव्याने आखतात. हुकलेल्या दिवसांच्या खोट्या तारखा त्यांना टाकायला न लावता, ज्या दिवशी ते मैदानावर आले त्या दिवसापासूनच नोंद सुरू होते आणि तेवढ्याच नोंदीवर श्रेणी दिली जाते.