मुलुंडहून अमेरिकेला गेलेले कागद

[दृश्य : मुलुंड पूर्व. पलंगावर उघडलेल्या फायली.]

लग्नाची पत्रिका, हळदीचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला. या घरची मुलगी अमेरिकेत आहे, नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेली. तिचं नाव आम्ही घेणार नाही.

नवरा अमेरिकन नागरिक. तिच्या ग्रीन कार्डचा अर्ज त्याने करायचा होता. ‘नीट वागलीस तर करीन,’ हे तो ऐकवत राहिला. अशा बाईला नवऱ्याच्या सहीवाचून स्वतःच अर्ज करता यावा, ही सोय अमेरिकेने १९९४च्या कायद्याने केली. फॉर्म आय-३६०. फी नाही. पोलिसांत तक्रार केलेलीच हवी असंही नाही. टोकाचा मानसिक छळही धरतात. पण लग्न खरं होतं, संसार एकत्र झाला, छळ झाला, हे सगळं दाखवावं लागतं. घटस्फोट झाला असेल तर अर्ज त्यानंतर दोन वर्षांच्या आत हवा.

निम्मे कागद मुलुंडच्या कपाटात. जन्मदाखला निघाला, पण नावाचा रकाना कोरा! प्रसूतिगृहाने नोंद कळवली तेव्हा बारसंच झालेलं नव्हतं, पुढे नाव चढवायचं राहून गेलं. मुंबईत असे दाखले घरोघरी सापडतील. परदेशाचा विषय निघेपर्यंत कुणाचं अडत नाही. बाबा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले.

खरं अडलं ते आईच्या पत्रापाशी.

घरच्यांची साक्ष हाही पुरावा असतो. आईने पहिल्यांदा लिहिलं : ‘दोघांत थोडे मतभेद होते. जावई तापट आहेत.’ वकीलबाईंनी ते परत पाठवलं. काय पाहिलं, काय ऐकलं, कधी, तेवढंच लिहा म्हणाल्या. जावयाबद्दल असं लिहायला आईचा हात धजेना. शेवटी लिहिलं : ‘गौरी जेवल्या त्या रात्री व्हिडिओ कॉल केला. तिचं मनगट सुजलेलं होतं. दारात सापडलं म्हणाली. मागून त्याचा आवाज आला, फोन ठेव.’

त्याचे मेसेज तिने पूर्वी आईला पाठवले होते. ‘पुसून टाक, कुणी बघेल,’ असं घरच्यांनीच सांगितलं होतं. अब्रू झाकायची आपली ही सवय पुरावाही पुसून टाकते. जे मराठी मेसेज उरले, त्यांचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासकट, जोडलं.

नवरा एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असता, तर हा रस्ताच बंद होता. मुंबईतले कितीतरी जावई त्याच व्हिसावर आहेत. अशा बायकोला गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना मदत करून यू-व्हिसा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा व्हिसा, मागता येतो. त्याची वर्षाची मर्यादा १०,००० आणि रांग त्याहून कितीतरी लांब. मार तोच, पण कायदा आधी नवऱ्याचा व्हिसा बघतो.

हिचा अर्ज दाखल आहे. निकालाला वर्षं लागतात. नवरा नागरिक असल्याने ग्रीन कार्डचा अर्ज सोबतच भरता आला, त्यावर कामाचा परवाना मागितलाय. पत्रव्यवहार वकिलाच्या पत्त्यावर होतो.

सासरहून मुलुंडला फोन येतो. ‘तिने तिकडे काही कागद केलेत का?’ अर्जाची माहिती नवऱ्याला द्यायला इमिग्रेशन खात्याला कायद्याने मनाई आहे. आई म्हणते, ‘मला त्यातलं काही कळत नाही हो,’ आणि नोटरीकडे जायला चपला घालते.